एका बाराची किंमत

फोंडाघाट चढून गेले की दाजीपूरचे रान लागते. संस्थानी काळात ते कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान होते. तिथे रायफली चालत. घाटाखालच्या शेतकऱ्याला रायफलीचे काडतूस कुठले परवडायला? त्याच्या खांद्यावर ठासणीची बंदूक. तीही भाताच्या राखणीसाठी, १८७८ च्या हत्यार कायद्याखाली परवाना काढून घेतलेली.

या बंदुकीचा बार स्वस्त. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू, वर काथ्याचा बोळा, मग शिसे. पण शिसे घालायचे कसे, छर्रे की एकच गोळी? छर्रे पांगतात, म्हणून नेम चुकायची धास्ती कमी. पण सांबरासारख्या मोठ्या जनावराच्या अंगात ते खोल जात नाहीत. जनावर जखमी होऊन रानात शिरते आणि तडफडून मरते. दारू फुकट, शिसे फुकट, आणि जीवही फुकट!

गोळी खोल जाते. पण रायफलीच्या नळीत आटे असतात, तसे हिच्यात नसतात. म्हणून लांबचा नेम लागत नाही. जाणता माणूस गोळी भरी आणि जनावर जवळ येईपर्यंत दम धरी. दुसरा बार ठासेपर्यंत ते थोडेच थांबणार?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली. १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार बंदच झाली. गुरुजींनी मुलांना सांगावे : स्वस्त तेच, जे वाया जात नाही.