शर्यती मोटारींचे वायुगतिकीय भाग

शर्यती मोटारीभोवतीचा हवेचा प्रवाह वळवून तिला धावपट्टीवर दाबून धरणारे भाग. पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पुढे आलेली आडवी फळी) आणि मागचा पंख हे त्यांतील प्रमुख होत. पंखाचा छेद विमानाच्या पंखासारखा, पण उलटा असतो. त्यामुळे वजन फारसे न वाढता टायरांची पकड वाढते आणि वळणे अधिक वेगाने घेता येतात. खाली दाबणारे हे बल, म्हणजे अधोबल, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते : वेग दुप्पट झाल्यास ते चौपट होते. त्याबरोबर हवेचा रोधही वाढतो.

१९६६ मध्ये जिम हॉल यांच्या चॅपरल २ई मोटारीने उंच पंखाचे सामर्थ्य दाखवले. १९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये पंख मोडून दोन गंभीर अपघात झाले आणि लवकरच फॉर्म्युला वनमध्ये उंच पंखांवर बंदी आली.

हौशी कारागीर स्प्लिटरसाठी बहुधा प्लायवूड वापरतात. पंखासाठी फोमचा गाभा तापलेल्या तारेने कापून त्यावर काचतंतू किंवा कार्बनतंतूचे कापड इपॉक्सी रेझीनने चढवतात. पंखाचे आधार डिकीच्या पातळ पत्र्याऐवजी सांगाड्याला जोडणे सुरक्षित ठरते. फक्त मागचा पंख बसवल्यास वेगात पुढची चाके हलकी पडून मोटार वळणाबाहेर सरकते. म्हणून पुढील व मागील अधोबलाचा तोल साधावा लागतो.

चाचणीसाठी पृष्ठभागावर लोकरीच्या धाग्यांचे तुकडे चिकटवून धावत्या मोटारीचे चित्रण करतात. धागे सपाट राहिल्यास प्रवाह पृष्ठभागाला धरून असतो. ते फडफडू किंवा उलटे वळू लागल्यास तो सुटलेला असतो, आणि मग पंखाचा कोन कमी करतात.