अंगड्या-टोपड्यापासून खिशापर्यंत

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या घरातली जुनी पेटी उघडून तळाशी जपून ठेवलेली कुंची बाहेर काढली, तर ती मुलाची की मुलीची हे घरच्या आजीखेरीज कुणाला सांगता यायचे नाही. मऊ झालेल्या लुगड्याची कुंची, अंगडे-टोपडे, पायांत वाळे. पाळण्यात जो जीव येई त्याला ते चढे. बोरन्हाणाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने आजही दोघांनाही घालतात.

ज्या घरी मुलगे जगत नसत, तेथे तर नव्या मुलाचे नाक टोचून त्यात नथ अडकवीत व काही काळ त्याला मुलीसारखे वाढवीत. खानदेशात आढळणारे 'नथू' हे नाव त्याच चालीतले. मुलीला कोण दृष्ट लावणार, ही समजूत! मुलग्याला मुलीचा वेष मिळाला तो तिची किंमत कमी म्हणून, हे भगिनींनी ध्यानात घ्यावे.

गुलाबी मुलीचा नि निळा मुलाचा, हा नियम मात्र आपला नव्हेच. गुलाबी फेटा बांधून वरातीत मिरवणाऱ्या पुरुषाला आपल्याकडे कुणी बायकी म्हणत नाही. अमेरिकेतही १९१८ साली मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने नेमके उलट सांगितले होते: गुलाबी ठसठशीत म्हणून मुलग्यांना, निळा नाजूक म्हणून मुलींना. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रूझवेल्ट १८८४ सालच्या छायाचित्रात पांढऱ्या झग्यात बसलेले आहेत.

आपल्याकडे खरी ताटातूट होई ती मूल शाळेत जाऊ लागल्यावर. अमळनेरला १९०६ साली प्रताप मिल उभी राहिली आणि गिरणीचे कापड दारी आले. तागा एकच, भेद केला तो शिंप्याच्या कात्रीने. मुलाच्या सदऱ्याला, चड्डीला खिसा. मुलीच्या परकर-पोलक्याला नाही. खिशात गोट्या, चिंचोके, पेन्सिल आणि बाजाराची मोड राहते. मोड ज्याच्या खिशात, बाजारात पाठवायचे तेही त्यालाच! मुलीने पैसा मुठीत धरावा, आणि मूठ अडकली की झाडावर चढावे कसे?

केरळात बालुश्शेरीच्या सरकारी कन्याशाळेने डिसेंबर २०२१ मध्ये उच्च माध्यमिक वर्गातील मुलामुलींना शर्ट-पँट हा एकच गणवेश दिला. विरोधही झाला. आपण तूर्त फ्रॉकच्या बाजूच्या शिवणीत हात जाईल एवढा खिसा ठेवायला सांगितले, तर शिंपी काही फार जादा मजुरी मागणार नाही. शिवणकाम येणाऱ्या भगिनींना तर तो घरीच जमेल.