आत्याचे तोडे, १९४० चा एक पेपर आणि लाल दिव्याचं मशीन

आज किल्ला नाही, लढाई नाही. आज पायांचा इतिहास. चालता चालता ऐकत असाल तर उत्तमच.

माझं गाव वढू बुद्रुक. पुण्याहून नगर रस्त्याने कोरेगाव भीमाला या आणि आत वळा, चार-पाच किलोमीटर. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे गाव तुम्हाला माहीत असेलच. फाल्गुन अमावस्येला, महाराजांच्या पुण्यतिथीला, राज्यभरातून माणसं येतात. त्या दिवशी आमच्या दारात पाण्याची पिंपं भरून ठेवलेली असतात आणि सकाळपासून तांब्या घेऊन उभी असते माझी आत्या. संध्याकाळी ती पायरीवर बसते आणि पोटऱ्या दाबत म्हणते, "पाय नुसते ठणकत्यात रं."

आत्या वरून बारीक आहे. चेहरा, खांदे, मनगटं, सगळं बेताचं. कमरेखाली मात्र दुसऱ्याच कुणाचे तरी पाय लावल्यासारखे. दोन्ही सारखेच जाड, घोट्यापर्यंत आलेले, आणि घोट्याशी बांगडी घालून थांबवल्यासारखे एकदम थांबलेले. पाऊल अगदी नीट. आजीचे चांदीचे तोडे तिच्या वाट्याला आले, पण ते तिला कधी चढलेच नाहीत.

पंचवीस वर्षं तिला एकच औषध मिळालं: "कमी खा, जास्त चाला." शेतातली बाई आणखी किती चालणार, हे कुणी विचारलं नाही. तिने सोमवार धरले, चतुर्थी धरली, एकादशी तर होतीच. गाल बसले, ब्लाउज सैल झाले, पाय तसेच. मग घरातले म्हणायला लागले, चोरून खात असेल. यात मीही होतो, हे सांगितलंच पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी वेगळाच प्रश्न विचारला: "विदर्भात कधी राहिलात का?" लग्नानंतरची काही वर्षं आत्या वर्धा जिल्ह्यात होती. त्यांना शंका हत्तीपायाची. रात्री दहानंतर रक्त घेतलं, कारण या रोगाचे बारीक जंत रक्तात वर येतात ते रात्रीच. रिपोर्ट स्वच्छ आला. रोग नाही म्हणून घरात पेढे वाटले, आणि आत्या रडली. मला तेव्हा कळलं नाही का. आता वाटतं, तिला आजार नको होता असं नाही, तिला त्याचं नाव हवं होतं.

इथून मी वाचायला लागलो. हत्तीपायाला नाव फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत तो 'श्लीपद' म्हणून येतो, म्हणजे दगडासारखं पाऊल. जिथे जुनं पाणी साचून राहतं, जिथे बारा महिने गारवा असतो, तिथे हा जास्त होतो, हेही तिथे लिहिलंय. डासाचा पत्ता नव्हता, पण पाण्याचा संबंध बरोबर पकडला होता! १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईस यांना माणसाच्या रक्तात ते जंत दिसले. १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी ते डासाच्या पोटात शोधले. १९५५ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. विदर्भात आजही गोळ्या वाटायला माणसं दारोदार फिरतात. नाव होतं, जंत होता, डास होता, म्हणून रोगाला खातं मिळालं, बजेट मिळालं. आणि रुग्णाला कुणी "तूच जबाबदार" म्हटलं नाही.

आता आत्याचा आजार. १९४० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एडगर ॲलन आणि एडगर हाइन्स या दोन डॉक्टरांनी एक छोटासा पेपर लिहिला. (दोघेही एडगर. मला आधी टायपिंगची चूक वाटली.) जाड पाय आणि उभं राहिल्यावर येणारी सूज, असं त्यांनी वर्णन केलं आणि नाव दिलं लिपेडिमा. लिपो म्हणजे चरबी, एडिमा म्हणजे सूज. उभं राहिल्यावर! मी ते वाचलं आणि डोळ्यांसमोर पाण्याचं पिंप आलं. १९५१ मध्ये वोल्ड यांच्यासह त्यांनी ११९ रुग्णांचा आढावा छापला. जवळजवळ फक्त बायकांना होणारा, वयात येताना, बाळंतपणात किंवा पाळी जाताना वाढणारा, घराण्यात चालत येणारा आजार. हात लावला तरी दुखतं, जरा आपटलं की काळंनिळं होतं. उपास केले की बाकीचं अंग उतरतं, पाय उतरत नाहीत.

म्हणजे आत्याच्या जन्माच्याही आधी हे सगळं छापून झालं होतं. मग वाढ्यापर्यंत का पोचलं नाही? माझं उत्तर असं: यात सूक्ष्मदर्शकाखाली धरायला काही नाही. रक्ताची एकही तपासणी याला 'हो' म्हणत नाही. बघून, हात लावून, आणि मुख्य म्हणजे बाईचं ऐकून निदान करावं लागतं. त्यात चरबी हा शब्द आला की प्रकरण आजाराच्या नाही, स्वभावाच्या खात्यात जातं. आमच्या ऑफिसात एखाद्या बगला कॅटेगरीच नसेल तर तिकीट 'युजरची चूक' म्हणून बंद होतं, तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लिपेडिमाला स्वतःची जागा मिळाली ती अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. १९४० ते २०२२. ब्याऐंशी वर्षं तिकीट उघडंच.

नाव मिळालं तेव्हा पुण्यातल्या रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी आत्याच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहिली. सहज धरता आली. लसिकेची सूज, म्हणजे लिम्फेडिमा, असेल तर ती धरता येत नाही. ही खूण स्टेमर यांची, १९७६ ची. घरी करून पाहाल, पण निकाल डॉक्टरांवर सोडा. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात.

आता लाल दिव्याचं मशीन. निदान झाल्यावर मी फोनवर दोनदा शोधलं आणि जाहिरातींचा पूर आला. विनाशस्त्रक्रिया, विनावेदना, प्रकाशाने लिपेडिमा घालवा, फक्त ४५,००० रुपये. मी जवळजवळ घेतलंच होतं.

प्रकाशाने उपचार ही थाप नाही. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाश वापरल्याबद्दल १९०३ चं नोबेल मिळालं. १९६० मध्ये लेझर आला आणि १९६७ मध्ये बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर उंदरांवर प्रयोग करत होते. हेतू होता गाठी जाळण्याचा. पण त्यांचा लेझर फारच कमी ताकदीचा निघाला, गाठींना काही झालं नाही. मात्र उंदरांचे भादरलेले केस भराभर उगवले! मंद लेझरची शाखा या फसलेल्या प्रयोगातून निघाली. लाल आणि त्यापलीकडचा न दिसणारा प्रकाश पेशींच्या ऊर्जा बनवण्याच्या यंत्रणेवर काम करतो, असं पुढे मांडलं गेलं. ऑस्ट्रेलियात नील पिलर आणि इतरांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला येणाऱ्या सुजेवर तो वापरला, आणि काही बायकांना फरक पडला.

इथे पाय घसरतो. ती सूज लिम्फेडिमाची. जाहिरातवाल्यांनी दोन अक्षरं बदलून ती लिपेडिमाला चिकटवली. लिपेडिमाची चरबी प्रकाशाने कायमची जाते हे दाखवणारा भक्कम मोठा अभ्यास नाही. दुखणं, जडपणा थोडा कमी होईल अशी आशा आहे, म्हणून काही ठिकाणी जोड उपचार म्हणून वापरतात, बस. 'अमेरिकेत मंजूर' या शिक्क्याचंही तसंच: अशी बरीच उपकरणं 'आधीच्या मशीनसारखंच आहे' एवढ्या आधारावर बाजारात येतात. मी विक्रेत्याला विचारलं, तरंगलांबी किती, दर चौरस सेंटिमीटरला ऊर्जा किती? कारण मात्रा कमी पडली तर काही होत नाही, जास्त झाली तर उलटंही होतं. तो म्हणाला, "सर, यात नव्वद दिवे आहेत."

४५,००० वाचले. त्यातून आले मापाचे, जाड विणीचे दाबाचे मोजे. वैशाखात ते घालणं म्हणजे शिक्षाच, म्हणून आत्या पहाटे घालते आणि दुपारी काढते. हलक्या हाताने लसिका पुढे सरकवण्याचा मसाज आहे, वॉडर दांपत्याने १९३६ मध्ये पॅरिसमध्ये मांडलेला. तो शिकवणारी फिजिओथेरपिस्ट पुण्यात भेटली. चरबी शोषून काढायची शस्त्रक्रियाही आहे. १९८७ मध्ये जेफ्री क्लाइन यांनी भूल मिसळलेलं पाणी भरून ती करायची पद्धत सांगितली, तेव्हापासून ती सुरक्षित झाली. आत्या नको म्हणाली. तिचे पाय, तिचा निर्णय.

सगळ्यात मानवलं ते पाणी. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, म्हणजे कमरेइतक्या पाण्यात घोट्यावर जास्त, मांडीवर कमी, फुकटचा मोजाच. भीमेचं पाणी आता कसं आहे ते मी सांगायला नको, म्हणून आठवड्यातून दोनदा वाघोलीकडच्या एका पूलमध्ये नेतो. पहिल्या दिवशी ती अर्धा तास काठावरच बसली होती. पोहण्याचे कपडे घालायचे म्हणजे पाय दिसणार ना.

यंदा फाल्गुन अमावस्येला दारात पिंपाशेजारी खुर्ची ठेवली. आत्या बसून पाणी देत होती. मी विचारलं, आजीचे पाय कसे होते गं? ती थोडा वेळ गप्प बसली.

"नऊवारीत कुणाला दिसत्यात? पण ते तोडे हायत ना, ते सोनाराकडं दोनदा वाढवून आणल्याले. तरी शेवटी काढूनच ठेवले तिनं."