गुंठ्याचा हिशोब : हडपसर-मांजरीची गोष्ट



आज सकाळी मेथीला विहिरीचं पाणी चालू होतं. बांधापलीकडच्या सोसायटीत नेहमीप्रमाणं टँकर आला. भिंतीपलीकडून एका ताईंनी दोन जुड्या मागितल्या. म्हणाल्या, "दादा, फ्लॅटचा हप्ता वीस वर्षांचा, अन् पाणी रोज विकतचं." मी काही बोललो नाही. त्यांची इमारत उभी आहे ते तीस गुंठे 2006 पर्यंत आमच्या सातबाऱ्यावर होते.

हे रान कसं घडलं अन् कसं गेलं, ते आज लिहितो. पुण्याच्या पूर्वेचा हा पट्टा आधी जिरायत. 1870 च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं, मुठा कालवा हडपसर-मांजरीवरून पुढं गेला, तेव्हा इथं बागायत आली. महात्मा फुल्यांची शेती याच मांजरीत होती. पुढं ऊस, भाजीपाला, फुलं. पुण्याची भाजी आमच्या रानातून जायची. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, खडकवासलाही गेलं. ते पुन्हा बांधलं अन् नवा कालवा काढला. जुन्याला आम्ही बेबी कालवा म्हणतो. त्यात आता शहराचं वापरलेलं पाणी प्रक्रिया करून सोडतात. धरणाचं चांगलं पाणी आधी शहराला, मग आम्हाला.

शहर वाढलं तसं गिऱ्हाईक बांधावर यायला लागलं. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. गुंठा-दोन गुंठे विकता येत नव्हते. तरी लोकांनी स्टँपपेपरवर, कुलमुखत्यारपत्रावर विकले. एकरात चाळीस गुंठे, अन् एकरापेक्षा गुंठ्यानं विकलं की पैसा जास्त. रस्ता किती फुटी सोडायचा, गटार कुठून न्यायचं, हे कुणी बघितलं नाही. घेणाराही आमच्यासारखाच, गावाकडची शेती परवडेना म्हणून आलेला. शेवटी 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा सरकारला करावा लागला. घरं कागदावर आली, पण गल्ली रुंद झाली नाही.

त्याच हडपसरात दुसरी गोष्टही घडली. मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी मिळून 400 एकर जमीन एकत्र केली. सतीश मगर पुढं होते. जमीन बिल्डरला न विकता स्वतःची कंपनी केली, ज्याची जेवढी जमीन त्याला तेवढे शेअर. 2000 च्या सुमारास काम सुरू झालं. घरं विकली, आयटी ऑफिसं भाड्यानं दिली, अन् शेतकऱ्यांची पोरं तिथंच ठेकेदार झाली. सगळ्यांना हे जमेल असं नाही. एवढी सलग जमीन अन् एवढी एकी लागते. पण त्यांचं रान गेलं तरी मालकी राहिली. आमचं दोन्ही गेलं.

आमच्या पैशाचं काय झालं? बंगला, जीप, पुतणीचं लग्न, दौंडला चार एकर. पाच-सहा वर्षांत पासबुक रिकामं. दौंडची जमीन तेवढी टिकली.

अन् एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. मुलीला मुलाएवढाच हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला लागू झाली. तिला वर्ष व्हायच्या आत आम्ही दोन्ही बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतलं. एकेक साडी अन् पन्नास-पन्नास हजार. त्यांनी काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही. थोरली आज फुरसुंगीत दोन खोल्यांत भाड्यानं राहते. राखीला येते. विकल्या रानाकडं बघत नाही, मेथी मात्र घेऊन जाते.

2021 ला मांजरी बुद्रुक महापालिकेत गेलं. उरलेल्या दोन एकरांसाठी एजंट पुन्हा चकरा मारतोय. धाकटा भाऊ म्हणतो देऊन टाकू. मी एवढंच म्हणालो, हक्कसोड कागदावर झालं असलं तरी या वेळी दोन्ही बहिणी ओसरीवर बसल्याशिवाय बोलणं नाही. तो दोन दिवस रुसला. येत्या रविवारी बैठक आहे. काय ठरेल माहीत नाही.

रिंगरोड, हायवे तुमच्याकडंही येतोय. विकायची वेळ आलीच तर तीन गोष्टी बघा. सगळी एकदम विकू नका. रोख रकमेबरोबर बांधकामात काही हिस्सा मागा, अन् करारनामा स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या. आणि बहिणींना सहीसाठी नाही, विचारायला बोलवा.

मेथी परवा काढणार. ताईंच्या दोन जुड्या बाजूला ठेवल्यात.