मांडवीची खोटी चिठ्ठी

पूर्व विदर्भातल्या आमगावच्या जवळ पदमपूर नावाचे गाव आहे. आठव्या शतकातला नाटककार भवभूती इथला, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मांडले. आधार दोन. भवभूती स्वतःच्या नाटकाच्या प्रस्तावनेत आपले मूळ गाव विदर्भातले पद्मपूर असल्याचे सांगतो. आणि पूर्वीच्या दुर्ग जिल्ह्यातल्या मोहल्ला इथे वाकाटकांचा एक अर्धवट कोरलेला ताम्रपट सापडला, तो पद्मपुराहूनच दिलेला होता. काही अभ्यासकांनी पद्मपूर अन्यत्र शोधले, पण मिराशींची बाजू मला अधिक भक्कम वाटते. आमगावच्या महाविद्यालयाने भवभूतीचे नाव घेतले आहे, ते याच ओळखीतून.

या माणसाने ‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकात दंडकारण्य उभे केले आहे. तिथे बांबूच्या बेटांतून घुबडे घुमतात आणि त्या आवाजाने कावळ्यांचे थवे गप्प होतात. त्याच अंकात तहानलेले सरडे अजगराच्या अंगावरचा घाम पितात, असेही चित्र आहे. सापांना घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणजे सरड्यांची ही गोष्ट घडणे शक्य नाही. घुबडे आणि कावळे यांचे वैर मात्र आजही कोणत्याही गावाच्या कडेला पाहायला मिळते. कवी एक, अंक एक, आणि त्यात डोळ्यांनी पाहिलेले आणि ऐकून घेतलेले शेजारी शेजारी बसले आहे. रानातल्या अद्भुत जिवांबद्दलची जवळजवळ प्रत्येक साक्ष अशीच मिश्र असते. म्हणून ती सरसकट मानताही येत नाही आणि सरसकट फेकताही येत नाही. एकेक वाक्य वेगळे करून तपासावे लागते.

घुबडाच्या वाट्याला आपल्याकडे अशा गोष्टी फार आल्या. त्याला दगड मारू नये, मारलाच तर ते तो उचलून पाण्यात नेते आणि दगड जसजसा झिजतो तसतसा मारणारा माणूस झिजतो, हे महाराष्ट्रभर लहानपणी ऐकवले जाते. पहाटे दारी येणारा पिंगळा जोशी पिंगळ्याची भाषा जाणतो, असेही मानले जाई. या पिंगळ्याचाच एक भाऊबंद शंभराहून अधिक वर्षे जवळपास दंतकथा होऊन बसला होता. ‘असा प्राणी खरोखर आहे का?’ हा प्रश्न हिममानवाबद्दल किंवा स्कॉटलंडच्या सरोवरातल्या राक्षसाबद्दल विचारला जातो, तसाच तो रानपिंगळ्याबद्दल विचारला गेला. फरक इतकाच की इथे कागद उपलब्ध होते. त्यातला एक कागद खोटा निघाला.

गोष्ट सुरू होते 1872 मध्ये. आमगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यातली जमीनदारी होती आणि 1861 मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात मोडत होती. त्याच प्रांतात पूर्वेला रायपूरच्या पलीकडे फुलझर ही दुसरी जमीनदारी होती. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी, आमगावावरून धावणारी रेल्वे अजून व्हायची होती. फुलझर आणि बसना यांच्या रानात, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधल्या महासमुंद जिल्ह्यात, एफ. आर. ब्ल्युइट यांनी डिसेंबरमध्ये एक लहान घुबड मारले आणि त्याचे कातडे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे धाडले. ह्यूम हे पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे सर्वांना ठाऊक झाले. त्या काळात मात्र हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची सर्वांत मोठी नोंद करणारे म्हणून त्यांचे नाव होते. ‘स्ट्रे फेदर्स’ हे त्यांचे नियतकालिक, आणि त्याच्या 1873 च्या पहिल्याच खंडात त्यांनी या घुबडाचे वर्णन छापले. साध्या पिंगळ्यापेक्षा ते इतके वेगळे वाटले की त्यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती मांडली आणि जातीला ब्ल्युइटचे नाव दिले. हाच रानपिंगळा.

1877 मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना दुसरा नमुना खरियारच्या बाजूला, आजच्या ओडिशात, मिळाला. त्यानंतर दिशा एकदम पालटते. पुढचे नमुने आले ते पश्चिमेकडून, खानदेशातून. जेम्स डेव्हिडसन हे तिथले सनदी अधिकारी होते. शहादा, तळोदा हा सातपुड्याच्या पायथ्याचा मुलूख कामासाठी फिरताना त्यांनी 1880 नंतरच्या तीन-चार वर्षांत या घुबडाची अनेक कातडी जमवली. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची त्यांची यादीही ‘स्ट्रे फेदर्स’मध्येच छापून आली. डेव्हिडसन यांच्याबद्दल मला विशेष आदर वाटतो. या माणसाने कुठे, केव्हा, काय मिळाले हे सरळ लिहून ठेवले, आणि शतकानंतर तेच कामी आले.

मधल्या काळात ह्यूम यांच्यावर मोठा आघात झाला. पक्ष्यांवरील महाग्रंथासाठी त्यांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवलेली हस्तलिखिते 1884 च्या हिवाळ्यात, ते सिमल्याच्या घरी नसताना, नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकली. त्यानंतर त्यांचे मन या विषयावरून उडाले. 1885 मध्ये त्यांनी आपला सगळा संग्रह, साठ हजारांहून अधिक कातडी, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. मध्य हिंदुस्थानातल्या पक्ष्यांबद्दल त्या रद्दीत काय काय गेले असेल, या विचाराने आजही हळहळ वाटते.

1884 नंतर रानपिंगळा कोणाला दिसला नाही. नोंदीत मात्र एक अपवाद राहिला. ब्रिटिश म्युझियममधल्या एका कातड्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी सांगत होती की हा पक्षी 1914 मध्ये गुजरातेत सुरतेजवळच्या मांडवी इथे मारला. मारणारे म्हणून नाव होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांचे. 1878 मध्ये जन्मलेला हा लष्करी अधिकारी युद्धातल्या आपल्या पराक्रमांच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध होता, पक्ष्यांवर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिले होते, आणि सुमारे वीस हजार कातड्यांचा त्याचा संग्रह म्युझियमला मिळाला होता. अशा माणसाच्या चिठ्ठीवर बराच काळ कोणी शंका घेतली नाही.

चिठ्ठीचा परिणाम खोलवर झाला. शेवटची नोंद 1914 ची, ठिकाण मांडवी, म्हणून शोध घेणारे तिथे गेले. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्या तोलाच्या पक्षिशास्त्रज्ञांना या पक्ष्याचे कोडे पडले होते. मांडवीच्या रानात काही हाती लागले नाही. मग निष्कर्ष असा निघू लागला की 1914 पर्यंत होता तिथेही नाही, म्हणजे पक्षी संपला. विचारात चूक नव्हती, आधार खोटा होता.

तो खोटेपणा उघड केला पामेला रासमुसेन यांनी. दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरचा रिप्ले यांचा ग्रंथप्रकल्प अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत त्या पुढे नेत होत्या आणि त्यासाठी जुनी कातडी तपासत होत्या. माइनर्ट्‌झहागेन यांच्या काही नमुन्यांबद्दल संशयाचे लेखन आधीच झाले होते; ॲलन नॉक्स यांनी 1993 मध्ये त्यांच्या उत्तरेकडच्या छोट्या पक्ष्यांच्या नमुन्यांतली फसवणूक दाखवली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीचे कातडे हातात घेतले. पक्ष्याचे कातडे काढून त्यात भराव घालण्याची प्रत्येकाची स्वतःची रीत असते. कापूस कसा, टाके कुठे, चरबी किती राहिली, यावरून ते कोणाच्या हातचे हे ओळखता येते. क्ष-किरणांतून दिसले की या कातड्यातला जुना भराव काढून नवा घातला आहे. तरीही पहिल्या हाताच्या खुणा पुऱ्या पुसल्या गेल्या नव्हत्या, आणि त्या डेव्हिडसन यांच्या होत्या. म्हणजे 1880 च्या दशकातला खानदेशातला पक्षी म्युझियममधून चोरून, पुन्हा शिवून, नवी चिठ्ठी बांधून परत ठेवला होता. हा शोधनिबंध 1999 मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात आला.

मांडवीची चिठ्ठी बाजूला काढल्याबरोबर चित्र स्वच्छ झाले. उरली दोन टोके, पूर्वेला बसना आणि खरियार, पश्चिमेला शहादा आणि तळोदा. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे जुन्या नोंदींतली ठिकाणे शोधत फिरले. 25 नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. 113 वर्षांनी. त्यांनी चित्रफीत घेतली, छायाचित्रे घेतली, आणि पुढच्या वर्षी तो वृत्तांत ‘फोर्कटेल’ या नियतकालिकात छापला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा जुलै 1998 मध्ये झाला.

खोट्या कागदांची जगातली प्रसिद्ध उदाहरणे नेमकी उलट्या दिशेची आहेत. स्कॉटलंडच्या नेस सरोवरातल्या राक्षसाचा 1934 चा तो गाजलेला फोटो म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली मान होती, हे साठ वर्षांनी बाहेर आले. हिममानवाची म्हणून नेपाळात खुमजुंगच्या मठात जपलेली टाळू एडमंड हिलरी यांनी 1960 च्या मोहिमेत तपासणीसाठी नेली, तर ती हिमालयातल्या सिरो या रानटी बकऱ्याच्या कातड्याची निघाली. 2017 मध्ये हिममानवाचे म्हणून ठेवलेल्या नऊ अवशेषांची जनुकीय तपासणी झाली; आठ अस्वलांचे होते आणि एक कुत्र्याचा. तिथे खोट्या किंवा चुकीच्या पुराव्याने नसलेला प्राणी असल्याचे भासवले. आपल्याकडे खोट्या पुराव्याने असलेला प्राणी नसल्याचे ठरवले. दुसरा अपराध मला अधिक गंभीर वाटतो, कारण पक्षी संपला असे मानल्यावर त्याचे रान वाचवायला कोणी जात नाही. त्या ऐंशी-नव्वद वर्षांत सातपुड्याच्या पायथ्याची साग आणि मिश्र झाडी तुटत गेली, शेती वर चढत गेली.

पक्षी दडून बसणाराही नव्हता. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी सातपुड्यातल्या तोरणमाळ आणि मेळघाटात वर्षानुवर्षे काम केले, तेव्हा कळले की हा पिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो. उघड्या फांदीवर ताठ बसतो, शेपटी झटके देऊन हलवतो, सरडे, उंदीर आणि कीटक पकडतो. घुबड रात्रीच शोधायचे, या समजुतीने शोधणाऱ्यांची वाट चुकवली असणार. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. जादूटोण्याच्या समजुतीपायी काही ठिकाणी घुबडांची अंडी आणि अवयव यांसाठी हा पक्षीही मारला जात होता. म्हणजे दगड झिजवण्याच्या कथेने माणसाला त्याच्यापासून निदान दूर ठेवले, तर दुसऱ्या कथेने त्याच्या घरट्यापर्यंत हात पोचवला. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. 2014 मध्ये तो ठाणे-पालघरकडच्या तानसा अभयारण्यात सापडला. सातपुड्यापासून इतक्या दक्षिणेला तो असेल असे कोणाला वाटले नव्हते. 2018 मध्ये जागतिक यादीतली त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ अशी झाली. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज तरीही हजाराच्या आतलाच.

आता नकाशा उघडून बघावा. बसना, आमगाव, मेळघाटातला चिखलदरा, शहादा ही चारही ठिकाणे 21 आणि 22 अक्षांशांच्या मधल्या एकाच पट्ट्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे येतात. आज ठाऊक असलेल्या वस्त्या प्रामुख्याने पश्चिमेच्या आहेत, पहिला नमुना मात्र पूर्वेचा होता, आणि आमगाव या दोहोंच्या मध्ये आहे. एवढ्यावरून इथे रानपिंगळा होता असे म्हणणे म्हणजे आपणही एक खोटी चिठ्ठी बांधणे होईल. आमगावचा बराचसा भाग धानाची बांधी आणि तळ्यांचा आहे. सालेकसा, दरेकसाकडे चढत जाणारी झाडीही सातपुड्याच्या कोरड्या सागवनासारखी नाही. पण ब्ल्युइटचे रानही तोरणमाळसारखे नव्हते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. नवेगावबांधला वनाधिकारी असताना मारुती चितमपल्लींनी तिथल्या लोकांकडून पक्ष्यांची नावे आणि सवयी उतरवून घेतल्या. या भागातल्या पक्ष्यांबद्दल गावच्या माणसाची साक्ष किती कामाची असते, हे त्या लेखनातून दिसते.

म्हणून सालेकशाकडच्या गुराख्याने किंवा मोहफुले वेचणाऱ्या बाईने दिवसा वाळक्या झाडावर बसलेला पिंगळा पाहिल्याचे सांगितले, तर तिथेच थांबून विचारावे. डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठसठशीत होते का? असतील तर तो नेहमीचा ठिपक्यांचा पिंगळा. डोके मोठे आणि जवळजवळ बिनठिपक्यांचे, छाती गडद तपकिरी, पोटाचा मध्य पांढरा, पंख आणि शेपटीवर रुंद पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले असे उत्तर आले, तर फोटो काढावा, आवाज टिपून घ्यावा, आणि तारखेसह त्या नाल्याचे, त्या टोल्याचे खरे नाव लिहावे.