स्टॅटिक रूट आणि एआरपी

एआरपी (ॲड्रेस रेझोल्यूशन प्रोटोकॉल) ही आयपी पत्त्यावरून त्याच जाळ्यातील उपकरणाचा मॅक पत्ता शोधण्याची पद्धत. डेव्हिड प्लमर यांनी ती नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ या दस्तऐवजात मांडली. स्टॅटिक रूट म्हणजे राउटिंग टेबलमध्ये हाताने नोंदवलेला मार्ग. पॅकेट कोणत्या दिशेने न्यायचे ते रूट सांगतो. मात्र इथरनेटवर फ्रेम सोडायला ४८ बिटांचा मॅक पत्ता लागतो आणि तो एआरपीकडून मिळतो.

कार्यपद्धती : रत्नागिरी शहरालगतच्या मिरजोळे औद्योगिक क्षेत्रात एका कारखान्याचे कार्यालय आणि गोदाम वेगवेगळ्या जागी आहेत, असे समजू. कार्यालयाचे जाळे १९२.१६८.१०.०/२४, गोदामाचे १९२.१६८.२०.०/२४. दोन्हीकडचे राउटर इथरनेट जोडणीवर असून त्यांचे पत्ते अनुक्रमे १०.०.०.१ आणि १०.०.०.२ आहेत. कार्यालयाच्या राउटरवर ‘१९२.१६८.२०.०/२४ साठी पुढचा टप्पा १०.०.०.२’ असा रूट आहे.

कार्यालयातून गोदामातील प्रिंटरसाठी (१९२.१६८.२०.५) पॅकेट आले, की राउटर प्रथम हा रूट शोधतो आणि मग १०.०.०.२ कोणत्या पोर्टवर आहे ते पाहतो. त्या पत्त्याचा मॅक एआरपी टेबलमध्ये नसेल, तर ‘१०.०.०.२ कोणाचा?’ अशी विचारणा त्या जोडणीवरील सर्वांना जाते. उत्तर फक्त विचारणाऱ्याला येते. मग राउटर पॅकेटचा टीटीएल (टाइम टू लिव्ह) हा आकडा एकने घटवतो, फ्रेमवर स्वतःचा आणि शेजारी राउटरचा मॅक घालतो व ती पुढे पाठवतो. पॅकेटमधील दोन्ही आयपी पत्ते तसेच राहतात. प्रिंटरचा मॅक कार्यालयाच्या राउटरला कधीच कळत नाही. तो शोधण्याचे काम गोदामाच्या राउटरचे.

उत्तर येईपर्यंत काही राउटर पहिले पॅकेट टाकून देतात. त्यामुळे पहिला पिंग वाया जाऊन पुढचे पोहोचताना दिसतात. मिळालेली नोंद सिस्कोच्या आयओएसमध्ये मुळात ४ तास टिकते. लिनक्समध्ये ती १५ ते ४५ सेकंद ताजी मानली जाते.

रूट लिहिण्याचे प्रकार : रूटमध्ये पुढच्या टप्प्याचा पत्ता न देता फक्त इथरनेट पोर्ट दिला, तर पलीकडचे सारे जाळे थेट त्या पोर्टवरच आहे असे राउटर मानतो आणि प्रत्येक अंतिम पत्त्यासाठी वेगळी एआरपी विचारणा करतो. शेजारी राउटरवर प्रॉक्सी एआरपी (आरएफसी १०२७, १९८७) चालू असेल, तर तो दुसऱ्याच्या वतीने स्वतःचा मॅक कळवतो आणि काम भागते. ती बंद असेल, तर वाहतूक थांबते. डीफॉल्ट रूट (इतर कोणताही मार्ग लागू नसेल तेव्हाचा) असा लिहिल्यास इंटरनेटवरील संपर्क झालेल्या प्रत्येक पत्त्याची नोंद साठून एआरपी टेबल फुगते. दोनच टोके असलेल्या पीपीपी (पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉल) जोडणीवर मॅक पत्ताच लागत नसल्याने तिथे नुसता पोर्ट पुरतो.

मर्यादा : एआरपीला उत्तर न मिळाले तरी स्टॅटिक रूट आपोआप हटत नाही. वरील उदाहरणात दोन्ही राउटर फायबर आणि मीडिया कन्व्हर्टरने जोडलेले असतील आणि गोदामाची वीज गेली, तरी कार्यालयाच्या राउटरचा पोर्ट जवळच्या कन्व्हर्टरमुळे बहुधा चालूच दिसतो. रूट टेबलमध्ये कायम राहतो, एआरपी नोंद अपुरी राहते आणि पॅकेटे गळतात. पर्यायी जोडणीवर वाहतूक वळवायची असेल, तर शेजारी राउटर जिवंत आहे का हे पिंगने किंवा बीएफडीने (बायडायरेक्शनल फॉरवर्डिंग डिटेक्शन) सतत तपासून रूट त्या तपासणीला जोडावा लागतो.

आयपीव्ही६ मध्ये एआरपी नाही. तिचे काम नेबर डिस्कव्हरी (आरएफसी ४८६१, २००७) करते. तिथे पुढचा टप्पा लिंक-लोकल पत्त्याने दिला, तर सोबत पोर्टही द्यावा लागतो, कारण असा पत्ता त्या एका जोडणीपुरताच अर्थपूर्ण असतो.

इथरनेटवर स्टॅटिक रूट लिहिताना पुढच्या टप्प्याचा पत्ता नेहमी द्यावा आणि वाहतूक अडली तर राउटिंग टेबलबरोबर एआरपी टेबलही तपासावे.