कॅपेल केलिन : एका वेल्श खेड्याचा इतिहास व स्वरूप

प्रस्तावना :
उत्तर वेल्समधील मेरिऑनेथशर परगण्यात, बाला या गावाजवळ ट्रवेरिन नदीचे खोरे आहे. या खोऱ्यातील कॅपेल केलिन हे खेडे १९६५ साली जलाशयाखाली गेले. प्रार्थनामंदिर, शाळा, टपाल कार्यालय, बारा घरे आणि आसपासची शेते एवढाच त्याचा विस्तार होता. इतक्या लहान वस्तीच्या विनाशाला वेल्सच्या अर्वाचीन इतिहासात महत्त्वाचे स्थान का लाभले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

खेड्याचे स्वरूप :
वेल्श भाषेत ‘कॅपेल’ म्हणजे प्रार्थनामंदिर आणि ‘केलिन’ म्हणजे हॉली हे काटेरी पानांचे झाड. नावाप्रमाणेच गावाचे जीवन मेथॉडिस्ट पंथाच्या प्रार्थनामंदिराभोवती गुंफलेले होते. मेंढपाळी व डोंगरी शेती ही उपजीविकेची साधने होती. या खोऱ्याला धर्मस्वातंत्र्याचीही परंपरा होती. सतराव्या शतकात हावोड वाडोग या शेतघरात क्वेकर पंथीय एकत्र येत. छळाला कंटाळून या परिसरातील अनेक क्वेकर पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात स्थलांतरित झाले.

तथापि गावाचे खरे वैशिष्ट्य भाषिक होते. घर, शाळा, उपासना आणि शेजार या सर्व व्यवहारांची भाषा वेल्श होती. इंग्रजीच्या प्रभावाने वेल्श मागे हटत असताना असा एकसंध भाषिक समाज दुर्मीळ होत चालला होता.

जलाशय आणि विरोध :
वाढती लोकवस्ती व उद्योग यांसाठी पाण्याची गरज दाखवून इंग्लंडमधील लिव्हरपूल महापालिकेने हे खोरे निवडले. वेल्समध्ये असे प्रथमच घडत नव्हते. १८८० च्या दशकात याच शहरासाठी वर्नवी जलाशय बांधताना लानवुदिन हे गाव बुडाले होते. या वेळी महापालिकेने थेट संसदेत खाजगी विधेयक मांडले. त्यामुळे वेल्समधील स्थानिक नियोजन संस्थांच्या संमतीची आवश्यकताच उरली नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये ग्रामस्थांनी लिव्हरपूलच्या रस्त्यांवर मोर्चा काढला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी जवळजवळ सर्वांचा विरोध असतानाही १ ऑगस्ट १९५७ रोजी विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाले.

१९६३ मध्ये शाळा बंद झाली आणि त्याच वर्षी प्रार्थनामंदिरात अखेरची उपासना झाली. खोऱ्यातील ६७ रहिवाशांपैकी ४८ जणांना घरे सोडावी लागली. काही कुटुंबांनी आप्तांचे अवशेष अन्यत्र हलविले; उर्वरित दफनभूमी काँक्रीटने झाकण्यात आली. ऑक्टोबर १९६५ मधील उद्घाटन समारंभ निदर्शकांनी उधळून लावला. ‘लिन केलिन’ या जलाशयाचे पाणी ट्रवेरिन नदीत सोडले जाते व ती डी नदीला मिळते. लिव्हरपूलसाठीचा उपसा डी नदीच्या खालच्या भागातून होतो.

परिणाम :
१९६६ च्या पोटनिवडणुकीत ग्विनवोर एव्हन्स हे प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे पहिले खासदार झाले आणि १९६७ मध्ये वेल्श भाषा कायदा संमत झाला. या घटनांची कारणे अनेक होती. मात्र त्यांमागील लोकमत घडविण्यात ट्रवेरिनचा वाटा नाकारता येत नाही. लानरिस्टिडजवळील एका भग्न भिंतीवर लेखक मेइक स्टीव्हन्स यांनी ‘ट्रवेरिनचे स्मरण ठेवा’ या अर्थाचे वेल्श शब्द रंगविले. ते आजही या घटनेचे प्रतीक मानले जातात. ऑक्टोबर २००५ मध्ये लिव्हरपूल महापालिकेने जाहीर क्षमायाचना केली.

निष्कर्ष :
विस्थापितांची संख्या अल्प होती, हा युक्तिवाद गणिताच्या दृष्टीने बरोबर ठरतो. इतिहासाच्या दृष्टीने तो अपुरा आहे. विस्थापितांना दुसरी घरे मिळू शकत होती. परंतु शाळा, उपासना व शेजार यांतून पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला भाषिक समाज नव्या जागी वसविता येणे शक्य नव्हते. निर्णय कायदेशीर होता, पण ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांची संमती त्यात नव्हती. कायदा आणि संमती यांमधील हे अंतर लक्षात आणून देणे, हेच या लहानशा खेड्याच्या इतिहासाचे महत्त्व होय.